मुक्कामाची एक रात्र: नंदुरबारच्या ख्रिस्ती विद्यार्थिनींच्या मेळाव्याचा प्रकरण अभ्यास

नंदुरबारमध्ये शिकणाऱ्या ख्रिस्ती मुलींचा एक गट आठवड्यातून एका संध्याकाळी प्रार्थनेला जमतो. दोन गीते, पवित्र शास्त्रातला एखादा भाग, थोडी चर्चा, एकमेकींसाठी प्रार्थना, आणि वसतिगृहाचे फाटक बंद व्हायच्या आत सगळ्या परत. एवढ्या वेळात मन मोकळे होत नाही. एखादी बोलता बोलता रडवेली झाली तरी शेजारची घड्याळाकडे बघत असते. म्हणून मुलींची कधीपासूनची मागणी होती की एकदा तरी रात्रीच्या मुक्कामाला सगळ्या एकत्र राहू. जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी तो मेळावा झाला. तीसेक मुली आल्या. गटाची सल्लागार म्हणून मी पहिल्या बैठकीपासून सोबत होते. शहादा, शिरपूर, अमळनेरकडच्या मुली आता विचारतात की हे जमवले कसे, म्हणून सगळे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

पुढचा प्रत्येक निर्णय ज्या गोष्टीवर उभा आहे ती आधीच सांगते. आखणीला बसल्यावर आम्ही वक्ता कोण आणि विषय काय इथून सुरुवात केली नाही. आपल्यापैकी कुणाला येणे सर्वांत अवघड जाईल, हे आधी विचारले. मग तिला येता येईल अशी जागा, तारीख, वर्गणी आणि रात्रीची व्यवस्था ठरवली. ज्यांना सहज येता येते त्या कुठेही ठेवले तरी येतात.

गटात सगळ्या प्रकारच्या मुली आहेत. खानदेशात भुसावळ-चाळीसगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम होते, नंदुरबार-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे, जे पुढे टीम या नावाने ओळखले गेले. त्या जुन्या मंडळ्यांतल्या (म्हणजे चर्चमधल्या) मुली आहेत, कॅथलिक आहेत, आणि अलीकडे गावोगावी सुरू झालेल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांतल्याही आहेत. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या मुलीला पेटीवरची जुनी गीते चारही कडव्यांसह पाठ असतात. नवापूर तालुक्यातल्या मुली मावची या आपल्या आदिवासी बोलीत गातात आणि गाताना फेर धरतात. एकीच्या मंडळीत टाळ्या वाजवणे रोजचे, दुसरीच्या मंडळीत उपासनेत कोणी हलत नाही. म्हणून सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरल्या. मेळाव्यात प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, ठेवायचा नाही, कारण गट म्हणजे मंडळी नव्हे आणि ते ज्याचे त्याच्या मंडळीत, पाळकांच्या हातून व्हावे. आणि बाप्तिस्म्याच्या पद्धतीवर वाद काढायचा नाही. हे दोन्ही नियम मुलींनी स्वतः केले आणि मला ते फार शहाणपणाचे वाटले.

तोरणमाळ की मंडळीचे आवार

मुलींना तोरणमाळला जायचे होते. त्यांचे खरेच आहे, सातपुड्यात हजार मीटरहून उंचावर, तलावाकाठी गीते म्हणण्याची कल्पना कुणालाही आवडेल. पण सात पायरीचा घाट, मोजक्या एसटी गाड्या, जानेवारीतली तिथली कडाक्याची थंडी आणि रात्री कुणाची तब्येत बिघडली तर मोठा दवाखाना खाली लांब. खासगी गाडी केली तर वर्गणी तिप्पट. अक्कलकुव्याच्या मुलीला आधी नंदुरबार किंवा शहादा गाठायचे आणि मग पुन्हा डोंगर चढायचा. तिच्या बाजूने बघितले तेव्हा तोरणमाळ आपोआप मागे पडले.

नंदुरबार शहरातच एका मंडळीच्या आवारात जुने सभागृह आहे. उंच कौलारू छत, पुढे ओटा, मागे विहीर, आणि आवारातच पाळकांचे घर. नवापूर, चिंचपाडा, खांडबाऱ्याच्या मुली सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरने येतात. शहादा-तळोद्याकडच्या एसटीने येतात, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट लागत असल्याने तो खर्चही आवाक्यात आला आहे. जिल्हा रुग्णालय शहरातच. आवार बघायला गेलो तेव्हा मुलींना मी सभागृहाच्या व्यासपीठाआधी दरवाजाच्या कड्या बघायला सांगितल्या. मागच्या दाराची कडी आतून नीट बसत नव्हती. पाळकसाहेबांनी त्याच आठवड्यात सुतार बोलावून नवी बसवून घेतली. संडास दोनच होते, एकाच्या वाटेवर दिवा नव्हता. तिथे वायर ओढून बल्ब लावला, आणि दोन्हीकडे झाकणाची बादली, कागद आणि पॅडची पाकिटे ठेवली. मुलींना हे मागावे लागता कामा नये.

तारीख ठरवणे सोपे नव्हते. डिसेंबरात विद्यापीठाच्या परीक्षा, मग नाताळ, आणि नाताळात प्रत्येक मुलगी आपल्या मंडळीच्या कार्यक्रमात. होळीच्या आठवड्यात सातपुड्यातली वाहने खच्चून भरलेली असतात, काठीच्या राजवाडी होळीला तर सगळा मुलूख लोटतो. २६ जानेवारीला कॉलेजात झेंडावंदन. म्हणून जानेवारीतला मधला शनिवार निवडला. पालकांची एक अडचण होती की रविवारची उपासना चुकता कामा नये. त्यासाठी मेळाव्याचा शेवट त्याच मंडळीच्या रविवारच्या उपासनेने करायचे ठरले, म्हणजे मुली त्यात बसतील, एक गीत म्हणतील, जेवतील आणि अंधार पडायच्या आत घरी किंवा वसतिगृहात पोचतील.

परवानगी

सगळ्यात जास्त वेळ आणि काळजी इथे गेली, आणि माझ्या मते तेच योग्य होते.

आमच्या निम्म्याहून जास्त मुली शासकीय आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहतात. तिथे रात्रीची रजा हवी तर अर्ज, पालकाची सही आणि गृहपालांची मंजुरी लागते. आमच्यातल्या एका मुलीचे आई-वडील दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपेपर्यंत तिकडेच पालावर राहतात. सही आणायची कुठून? तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, मोठ्या भावाच्या नावाने आपणच सही करून देऊ. मी साफ नाही म्हणाले. गृहपालबाईंना अंधारात ठेवून मिळवलेली परवानगी ही त्या मुलीच्याच गळ्यात येते. पुढे काही झाले तर वसतिगृह तिचे सुटेल, आमचे काही जाणार नाही. शेवटी संध्याकाळी मुकादमाच्या फोनवर तिच्या आईला गाठले. आईने गृहपालबाईंशी स्वतः बोलून होकार दिला, आणि वसतिगृहाच्या नोंदीत स्थानिक पालक म्हणून ज्या मामाचे नाव होते तो खांडबाऱ्याहून येऊन सही करून गेला. त्या बाईंनी पुढे आमच्या बाकीच्या मुलींचे अर्जही नीट वाचून मंजूर केले. खरे सांगितले की बहुतेक माणसे मदत करतात.

घरी राहणाऱ्या मुलींसाठी आम्ही पालकांना चिठ्ठी पाठवली. कार्यक्रमाचे कौतुक तिच्यात नव्हते. मजकूर असा होता: "आपली मुलगी शनिवारी दुपारी एकच्या सुमारास आवारात पोचेल आणि रविवारी जेवण झाल्यावर दोनपर्यंत निघेल. रात्री सर्व मुली एकाच सभागृहात झोपतील. त्यांच्यासोबत तीन मोठ्या स्त्रिया राहतील, त्यांची नावे आणि फोन नंबर खाली दिले आहेत. त्यांच्यापैकी एक जण रात्रभर जागी असेल आणि आपला फोन कधीही आला तरी उचलेल. मुलींच्या झोपण्याच्या जागेत कोणीही पुरुष येणार नाही. मुलीला न्यायला कोण येणार, त्याचे नाव आधी कळवावे."

शिंदखेडा तालुक्यातल्या एका मुलीचे वडील चिठ्ठी वाचूनही तयार होईनात. त्यांच्या घरी गेलो. खाटेवर बसून त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "पोरले रातले कोन संभाळी?" वक्ता कोण, गाणी कोणती, याच्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. माझ्यासोबत पाळकांच्या पत्नी आल्या होत्या, ज्यांना आवारातल्या सगळ्या मुली आंटी म्हणतात. त्या उठून आत चुलीपाशी मुलीच्या आईजवळ जाऊन बसल्या. दोघींचे बराच वेळ बोलणे चालले होते. चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा होकार मिळाला होता. परवानगीची चिठ्ठी आवश्यक आहे, पण आईबापांचा विश्वास बसतो तो समोर बसून बोलणाऱ्या एका मोठ्या बाईवर, आणि हे काम फोनवर उरकू नये.

आणखी एक निर्णय इथेच नोंदवते. एका मुलीला तिच्या खोलीतली हिंदू मैत्रीण सोबत आणायची होती. आम्ही हो म्हटले, पण कार्यक्रम ख्रिस्ती प्रार्थनेचा आहे हे त्या मैत्रिणीने स्वतःच आपल्या घरी स्पष्ट सांगितले पाहिजे, अशी अट घातली. घरच्यांनी नको म्हटले आणि ती आली नाही. वाईट वाटले, तरी लपवून आणण्यापेक्षा हेच बरे. मैत्री त्याने तुटलेली नाही.

रात्रभर प्रार्थना

गटातल्या मोठ्या मुलींचा आग्रह होता की रात्रभर जागून प्रार्थना करू आणि उपवासही धरू. त्यांची तळमळ खरी होती. त्यांच्या मंडळ्यांत रात्रभर प्रार्थना नेहमी होतात आणि तिथे त्यांना मोठे बळ मिळालेले आहे. पण नोंदणीच्या कागदावर आम्ही तब्येतीचे दोन-तीन प्रश्न विचारले होते, आणि एका मुलीने लिहिले होते, सिकल सेल.

नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात हा रक्ताचा आजार बराच आढळतो. ज्यांना तो प्रत्यक्ष आहे त्यांना थंडी, दमणूक किंवा अंगातले पाणी कमी होणे यांतले काहीही निमित्त पुरते आणि हातापायांत, सांध्यांत असह्य कळा सुरू होतात. जानेवारीची रात्र, उघडे सभागृह, उपवास आणि जागरण हे सगळे एकत्र आणले तर आपणच तिला दवाखान्यात पोचवू. ती मुलगी स्वतः काही म्हणाली नसती. सगळ्या जागताहेत म्हटल्यावर तीही दात आवळून बसली असती. म्हणून तिचे नाव न घेता मी बैठकीत एवढेच विचारले की ज्या मुलीला जागता येत नाही तिने स्वतःला कमी विश्वासाची समजावे असे आपल्याला वाटते का. नर्सिंगच्या मुलींना लगेच कळले.

त्यातून पाळ्यांची कल्पना निघाली. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत तासातासाच्या पाळ्या, शेजारच्या छोट्या खोलीत, दोघी-तिघींनी मिळून. नाव द्यायचे की नाही ते प्रत्येकीच्या मनावर. बाकीच्यांनी झोपायचे. उपवास कुणाला धरायचा असेल तर तिने आपल्या घरी, आपल्या दिवशी धरावा. मेळाव्यात सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचे. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला कायद्याने बंदी आहेच, आणि आवाराला लागून वस्ती आहे, म्हणून दहानंतर गाणेसुद्धा हळू आवाजात. माझा ठाम अनुभव असा की या पाळ्यांतली प्रार्थना जास्त खरी झाली, कारण तिथे आलेली प्रत्येक जण स्वतःहून उठून आली होती. सिकल सेल असलेल्या मुलीने दहाची पहिली पाळी घेतली आणि अकराला गोधडीत शिरली.

झोपायला जाडजूड सतरंज्या, त्यावर प्रत्येकीची स्वतःची गोधडी, आणि कमी पडतील तिला मंडळीतल्या घरांतून जमवलेल्या. पिण्याच्या पाण्याचे दोन माठ सभागृहातच. सकाळी अंघोळीला बंबाचे पाणी. झोपण्याच्या जागेत मोबाईलने फोटो काढायचा नाही हा नियम पहिल्याच संध्याकाळी सांगितला आणि मुलींनी तो काटेकोर पाळला.

रात्रीच्या गप्पांत कोण काय सांगेल याचाही विचार आधी केला होता. गटात अकरावी-बारावीच्याही मुली आहेत. एखादी अठरा वर्षांखालची मुलगी आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोलली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती गोष्ट पोलिसांपर्यंत पोचवणे बंधनकारक आहे. म्हणून "कुणाला सांगणार नाही" असे वचन मोठ्यांपैकी कुणीही द्यायचे नाही. त्याऐवजी "तुझ्याबरोबर राहीन" एवढे वचन द्यायचे. मुलांसाठीचा १०९८ आणि महिलांसाठीचा १८१ हे हेल्पलाइनचे नंबर भिंतीवर लावले होते. अशा मेळाव्यांत भावनेच्या भरात दिलेली वचने मी पाहिली आहेत आणि त्यांचा भार शेवटी त्या मुलीवरच पडतो, म्हणून याबाबत मी कडक आहे.

शनिवार-रविवार

वर्गणी शंभर रुपये, किंवा तेवढा शिधा. मागच्या खोलीत एक खजिनदार मुलगी बसली होती, तिथे एकेकटीने जायचे, म्हणजे कुणी पैसे दिले आणि कुणी तांदूळ दिला हे कुणाला दिसत नाही. नवापूरकडच्या मुलींनी घरची तूरडाळ आणली. तिचे वरण इतके दाट आणि सुवासिक झाले की आंटींनी उरलेली डाळ मंडळीच्या जेवणासाठी मागून घेतली.

रात्री वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी. पस्तीस माणसांना पाच किलो जाडसर कणीक पुरली, अडीच किलो डाळ आणि पाच किलो वांगी. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिनाला ज्या बाया दरवर्षी एकत्र येतात त्याच स्वयंपाकाला आल्या. कणकेत ओवा, हळद, मीठ आणि तेलाचे मोहन घालून गोळे केले, ते वाफवले आणि चिरून तळले. चिरण्याचे काम मुलींनी केले. भुसावळच्या मुलींना बट्टी घरी होते तशीच माहीत होती, पण मावची मुलींपैकी काहींनी ती पहिल्यांदाच हातात घेतली. त्या कामात जी ओळख झाली ती ओळखीच्या खेळांत झाली नव्हती. खेळ आम्ही पुढच्या वेळी कमीच ठेवू.

बायबल अभ्यासासाठी रूथची गोष्ट घेतली होती. रूथ परक्या गावी येते आणि पोटासाठी शेतात सरवा वेचायला जाते. शेताचा मालक बवाज तिला सांगतो की दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, माझ्या कामकरी बायांच्या सोबतच राहा, आणि गड्यांना बजावतो की हिला कुणी त्रास द्यायचा नाही. लहान लहान गटांत चर्चा चालली होती. ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांची मुलगी बऱ्याच वेळाने बोलली. म्हणाली, तिची आई पहाटे फडात जाते तेव्हा नेहमी दोन बायांना हाका मारून सोबत घेते, एकटी कधी जात नाही. रूथला जे सांगितले ते आईला कुणी न सांगताच माहीत आहे. मग त्या गटात फडाची, बसची, वसतिगृहाच्या वाटेची बोलणी निघाली आणि जेवणाची घंटा झाली तरी कुणी उठेना. वक्त्या म्हणून धुळ्याहून आलेल्या ताईंनी आपला संदेश दहा मिनिटांत आटोपता घेतला, आणि त्यांचा तो निर्णय मला मनापासून आवडला.

रात्री साडेअकराला शिंदखेड्याच्या त्या वडिलांचा फोन आला. आंटी जाग्याच होत्या, दुसऱ्या रिंगला उचलला. मुलीला उठवू का म्हणून विचारले. "नही, झोपू द्या तिले," म्हणाले आणि ठेवला. एकच्या सुमारास लाइट गेली. दोन-तीन मुली घाबरल्या, पण दाराशी आणि संडासाच्या वाटेवर बॅटऱ्या ठेवलेल्या होत्या, आणि पाळीला बसलेल्या मुली उठून त्यांच्याजवळ येऊन बसल्या. लाइट अर्ध्या तासात आली.

रविवारी उपासनेत मुलींनी दोन गीते म्हटली, एक पेटीवरचे जुने आणि एक मावचीतले. मावची गीताला मंडळीतले काही ज्येष्ठ आधी अवघडून बसले होते; शेवटच्या कडव्याला त्यांचे पाय ताल धरत होते. दुपारी मंडळीकडून कोंबडीचा रस्सा आणि भात. न्यायला येणाऱ्याचे नाव यादीशी ताडून प्रत्येक मुलगी सोडली. एका मुलीला न्यायला यादीत नसलेला चुलतभाऊ आला, तेव्हा तिच्या आईला फोन लावून खात्री करेपर्यंत त्याला ओट्यावर बसवून पाणी दिले. त्याने थोडी कुरकुर केली. आईने मात्र आभार मानले.

हिशेब त्याच संध्याकाळी मांडला. उरलेल्या पैशांतून सभागृहाच्या संडासाचा तो बल्ब कायमचा नीट बसवून घेतला आणि बाकीचे पुढच्या मेळाव्यासाठी ठेवले.

पुढचा मेळावा कुठे, यावर अजून एकमत नाही. जळगाव-भुसावळच्या मुलींचे म्हणणे रास्त आहे की दर वेळी आम्हीच का यायचे, एकदा तुम्ही भुसावळला या, गाडीही तीच आहे. धडगावच्या मुलींना मात्र भुसावळ म्हणजे जाण्यायेण्यातच दोन दिवस. माझे मत अमळनेरचे आहे, मधले ठिकाण म्हणून, पण ठरवायचे मुलींनी. ऊसतोडीवाल्यांची ती मुलगी आता आयोजन समितीत आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलींना आधी फोन करून, त्यांच्या गाड्यांच्या वेळा लिहून घेऊन मगच बैठकीला येते असे तिने सांगितले आहे.